हिवाळ्यात गाडी धुताय? आधी हात बाजूला ठेवा

थंडीने गाडीचा रंग खराब होत नाही. तो खराब होतो फडक्याने. एवढं डोक्यात बसलं की या विषयावर मिळणारे निम्मे सल्ले आपोआप बाद होतात. त्यातला सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे, ‘सकाळी दव पडलेलं असतं, गाडी आयती ओली झालेली असते, एक फडकं मारलं की काम झालं.’ दवात पाणी असतं ते धुळीचा चिखल होण्यापुरतं, चिखल वाहून जाण्याइतकं नव्हे. त्यावर फडकं फिरवायचं म्हणजे चिखलानेच गाडी घासायची. बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात ना, त्यातले बहुतेक याच सवयीचे असतात.

रस्त्यावरच्या धुळीत आणि वाळूत क्वार्ट्झ नावाचं खनिज असतं. 1 ते 10 अशा मोहस् मापावर त्याची कठीणता 7, काचेची साधारण 5.5, आणि गाडीच्या रंगाची काचेपेक्षा कितीतरी कमी. रंगाचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. डोक्यावरचा केस बहुधा त्याहून जाड भरतो. ‘चरे पडले तर पॉलिश करून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की पॉलिश म्हणजे हाच थर थोडाथोडा घासून कमी करणं. तो संपला की नव्याने रंग मारण्यावाचून गत्यंतर नाही.

‘थंडी संपेपर्यंत धुऊच नका’ हा दुसरा सल्ला. रस्त्यावर नुसती धूळ असेल तर थोडे दिवस चालून जाईल. बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यांवर गाडी फिरत असेल तर अजिबात ऐकू नका. अखंड रंगाचं मीठ फारसं काही बिघडवत नाही. पण खडी उडून जिथे टवका गेलाय तिथून ते पत्र्यापर्यंत पोचतं आणि गंज सुरू होतो. कॅल्शियम क्लोराइडसारखी मिठं तर हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे गाडी कोरडी दिसली तरी तो भाग ओलाच असतो. अशी गाडी उबदार गॅरेजात ठेवली तर गंज थांबत नाही, उलट जोर धरतो.

वेळ

तापमान 5 अंशांच्या वर असेल अशी दुपार निवडा, म्हणजे संध्याकाळच्या गारठ्याआधी गाडी कोरडी करायला वेळ मिळतो. लांबून आल्या आल्या धुऊ नका, ब्रेकच्या डिस्क निवू द्या. बादलीतलं पाणी कोमट हवं. कढत पाणी गोठलेल्या काचेवर ओतलं तर काच तडकू शकते, ते कुणीही सांगितलं तरी करू नका.

चाकं

आधी चाकं. त्यांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, आणि ते फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही.

हात न लावता मळ उतरवणं

सगळी मेहनत इथे आहे. हा टप्पा मला जमायला बराच काळ लागला, कारण जो तो याला ‘गाडीवर पाणी मारून घ्या’ एवढ्या एका वाक्यात उडवून लावतो. उन्हाळ्यात तेवढ्याने भागतंही. हिवाळ्यातला मळ निराळा असतो: धूर, तेलाचा अंश, मीठ आणि बारीक कच यांचा चिकट थर. नुसतं पाणी त्यावरून ओघळतं आणि कच जिथल्या तिथे राहते.

आधी गाडीभोवती एक चक्कर मारून बघा. चाकांच्या कमानींत आणि दारांच्या खाली चिखलाचे किंवा बर्फाचे गोळे असतील तर पाण्याने सुरुवात करा. ते नखाने, काडीने, बर्फ खरवडायच्या पट्टीने काढू नका. कोमट पाणी मारून आपोआप सुटू द्या, दोन मिनिटं जास्त लागतील. गोळे नसतील, नुसता राखाडी थर असेल, तर उलट करा. कोरड्या गाडीवरच फेस मारा. आधी पाणी मारलं की पत्र्यावरचं पाणी फेसात मिसळून तो पातळ होतो आणि निम्मं काम वाया जातं.

फेसाबद्दल माझं मत ठाम आहे. दाढीच्या साबणासारखा घट्ट, गाडीला चिकटून बसणारा फेस फोटोत छान दिसतो. हिवाळ्यात मला तो नको असतो. ओला, सैल, हळूहळू खाली सरकणारा फेस हवा, कारण सरकतानाच तो मळ सोबत नेतो. जवळ जाऊन दाराचा खालचा भाग बघा: पांढऱ्या फेसात करड्या रेघा उमटतात, कडेशी येऊन जाड होतात आणि काळपट थेंब होऊन जमिनीवर पडतात. ते थेंब पडताना दिसले म्हणजे काम होतंय. फेस पांढराच्या पांढरा बसून राहिला तर मिश्रण फार घट्ट झालंय किंवा पाणी फार गार आहे. गार पाण्यात साबण आळसावतो, म्हणून फेसाच्या बाटलीतलं पाणीही कोमट घ्या आणि उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्या, पाच-सात मिनिटं. वाऱ्याने फेस वाळायला लागला तर मात्र घड्याळ बघत बसू नका, धुऊन टाका.

शाम्पू गाडीचाच घ्या. भांड्यांचा साबण मळ काढतो तसा रंगाच्या रक्षणासाठी लावलेला मेणाचा थरही काढतो, आणि तो थर ज्या ऋतूत सगळ्यात जास्त लागतो त्याच ऋतूत गाडी उघडी पडते.

प्रेशर वॉशर वापरत असाल तर पाणी पंख्यासारखं पसरवणारा नोझल लावा आणि किमान 30 सेंटीमीटर लांब राहा. धार सरळ पत्र्यावर मारू नका, तिरपी धरा, म्हणजे कण पत्र्यावर न आपटता सरकून जातात. टवका गेलेल्या जागेवर, स्टिकरच्या कडेवर आणि दाराच्या रबरावर धार रोखून धरू नका. सुटत आलेला रंग तिथून पापुद्र्यासारखा निघतो. मशीनमध्ये गरम पाणी सोडण्याआधी तिचं माहितीपत्रक वाचा, बऱ्याच घरगुती मशीनना 40 अंशांची मर्यादा असते. मशीन नसेल तर बागेत फवारणी करायच्या हातपंपाने शाम्पूचं पाणी मारा आणि पाइपने धुवा. वेळ जास्त जातो, बाकी फरक फारसा पडत नाही.

टप ते खाली, सावकाश धुवा. मग गाडीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाला आणि डिकीला पुन्हा एकदा फेस मारा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेलं सगळं डिकीवर येऊन बसतं, म्हणून पुढून चकचकीत दिसणारी गाडी मागून बरबटलेली असते. हा दुसरा हात बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका.

आता खरी परीक्षा. टॉर्च तिरपी धरून पत्र्याच्या अगदी जवळून बघा. पातळ, धुरकट पडदा राहिला असेल तर चालेल, तो पाण्याने निघतच नाही, त्यासाठी पुढे हात लावायचाच आहे. पण कणी दिसता कामा नये. ती लपते ठरलेल्या जागी: नंबर प्लेटच्या भोवती, दाराच्या हँडलखाली, दारावरच्या शोभेच्या पट्टीच्या वरच्या कडेला, चाकाच्या कमानीच्या ओठावर. बोटाने चाचपून बघायचा मोह होतो. चाचपू नका, त्यानेच पहिला चरा पडतो. कणी दिसली तर पुन्हा फेस, पुन्हा पाणी. कंटाळा आला असेल तर इथेच थांबा आणि गाडी तशीच कोरडी होऊ द्या. अर्धवट धुतलेली गाडी अस्वच्छ दिसते, पण तिच्या रंगाचं काही बिघडत नाही.

ब्रशवाल्या स्वयंचलित धुलाईत हा टप्पा कसाबसा उरकतात, आणि ब्रशमध्ये आधीच्या गाड्यांची कच असते ती वेगळीच. नुसत्या पाण्याच्या धारेने धुणारी, ब्रश नसलेली यंत्रं त्यापेक्षा बरी. त्यांची रसायनं जरा कडक असतात आणि मेण लवकर उतरवतात, तरी मिठाच्या दिवसांत गाडीचा तळ धुऊन घ्यायला मी तिथे खुशाल जातो.

हाताने धुणं

कण गेले असतील तर हे सोपं आहे. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा धुण्याचा मोजा, हात हलका, दिशा सरळ, गोल गोल नाही. प्रत्येक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा. खालचा भाग शेवटी. मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद.

पुसणं

उन्हाळ्यात राहिलेलं पाणी वाळतं, हिवाळ्यात ते गोठतं. म्हणून आधी शाम्पू नीट धुवा, मग मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून अलगद ओढा. दाबून घासायची गरज नसते. त्यानंतर फटी: आरशांच्या मागे, हँडलच्या आत, इंधनाच्या झाकणाभोवती, डिकीच्या कडेला. ब्लोअर असेल तर इथे वापरा. चारही दारं उघडून रबर आणि चौकट पुसा, नाहीतर सकाळी दार चिकटून बसेल आणि जोराने ओढलंत तर रबर फाटेल. रबराला अधूनमधून सिलिकॉनचा हात दिला की ही कटकट बरीच कमी होते.

पुसून झाल्यावर एक छोटी फेरी मारा आणि दोनचार वेळा ब्रेक दाबा, डिस्क कोरड्या होतात. रात्री कडाक्याची थंडी पडणार असेल आणि जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा. ओले ब्रेक गोठून अडकू शकतात.

नळच गोठला असेल तर

रिन्सलेस शाम्पू, म्हणजे नंतर पाण्याने धुऊन काढावा न लागणारा शाम्पू, हा चांगला पर्याय आहे. बादलीभर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचा, आधी तेच पाणी फवारून मळ भिजू द्यायचा, मग भरपूर भिजलेल्या टॉवेलने एकेक भाग पुसायचा, दर वेळी टॉवेलची नवी घडी. हलक्या धुळीला उत्तम. चिखलाने माखलेल्या गाडीवर मात्र नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

ताजा बर्फ पडला असेल तर फोमच्या ब्रशने वरचा बर्फ ढकलून द्या आणि पत्र्याला लागून असलेला पातळ थर तसाच राहू द्या. खरवडायची पट्टी फक्त काचेसाठी.

मेण किंवा सीलंट (मेणासारखाच रंगावर लावायचा कृत्रिम संरक्षक थर) थंडी सुरू होण्याआधीच लावून ठेवा, गार पत्र्यावर ते नीट धरत नाही. टॉवेल फॅब्रिक सॉफ्टनरशिवाय धुवा, सॉफ्टनरने ते पाणी शोषेनासे होतात. आणि आवरताना प्रेशर वॉशरचा पाइप सोडवून मशीन क्षणभर चालवा, आतलं पाणी बाहेर पडू द्या. ते पंपात गोठलं तर पंप फुटतो.