कॉल कसा वाटला? पाच गुणांत मोजा

अंबडच्या आमच्या ऑफिसात इंटरनेट फोन बसवला तेव्हा स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं. तरी पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधून मावशी म्हणायच्या, "दादा, विहिरीतनं बोलल्यासारखं येतंय." मावशींचं बरोबर होतं. म्हणून ऐकणाऱ्यालाच विचारा.

कॉल संपल्या संपल्या, पुढचं काम हातात घेण्याआधी एकच प्रश्न: आवाज कसा होता? ५ उत्तम, ४ चांगला, ३ ठीक, २ खराब, १ अगदी वाईट. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेच्या पी.८०० शिफारशीत हीच पट्टी आहे. गुणांची सरासरी म्हणजे एमओएस (मीन ओपिनियन स्कोअर).

पण नुसती सरासरी फसवते. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिले तरी ३ येतात, आणि निम्म्या लोकांना धड काही ऐकूच आलेलं नसतं! म्हणून १ आणि २ वेगळे मोजा. शेजारी कारण लिहा, त्यांच्याच शब्दांत. "शब्द तुटतात" म्हटलं की पॅकेट गळती (आवाजाचे तुकडे वाटेत हरवणं) आणि जिटर (ते तुकडे कमी-जास्त वेळानं पोचणं) बघा. "दोघं एकदमच बोलायला लागतो" म्हणजे आवाज पोचायला उशीर. तो एका दिशेनं १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. "माझाच आवाज परत येतो" म्हणजे बहुधा समोरच्याच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय.

मोजणी द्राक्षांच्या ऐन हंगामात करा, सगळ्या लाइनी चालू असताना. वायफाय की केबल, हेही नोंदवा. पॅकहाउसचा फोन केबलवर घेतला, त्या आठवड्यात मावशींनी ४ दिले.