बर्फाचं घर बांधायचंय? आधी स्वेटर काढा

कॅनडात ओंटारिओत मास्टर्ससाठी आले त्या पहिल्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या आउटडोअर क्लबने ॲल्गॉनक्विन पार्कात दोन रात्रींचा कॅम्प ठेवला होता. तिथलं म्यू लेक कॅम्पग्राउंड हिवाळ्यातही उघडं असतं. टोरांटोहून गाडीने तीनेक तास. पुण्यात असताना दर पावसाळ्यात सह्याद्री पालथा घातलेला, त्यामुळे नाव नोंदवताना जरा ताठाच होता. पहिल्या दुपारीच तो उतरला. आता मी त्याच क्लबातून नवख्यांना घेऊन जाते आणि दर वर्षी आपल्याकडची एकदोन मुलं तरी माझीच चूक नव्याने करताना दिसतात.

चूक घामाची. राजगड चढताना शर्ट पिळून निघाला तर आपण कौतुकाने सांगतो, वर वारा लागला की बरं वाटतं. उणे २० मध्ये तोच ओला शर्ट रात्रभर अंगातली ऊब शोषत राहतो. मी घरून आणलेला सुती टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाड जॅकेट असा जामानिमा करून फावडं हाणायला लागले. तासाभरात आतून चिंब. हात थांबले तसे दात वाजायला लागले. ग्रुपमधल्या एकीने तिचा लोकरीचा जादा थर दिला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा हिशेब असा: काम सुरू करताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे. अंगाला लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, वर पाणी न शिरणारं कवच, बस्स. जाड जॅकेट कोरडं राहू द्या, ते थांबल्यावर घालायचं. आणि कपाळ ओलसर लागलं की फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

आता बांधायचं काय? सगळे इग्लू म्हणतात. इग्लू ही उत्तरेतल्या इन्युइट लोकांची विद्या. त्याला वाऱ्याने दाबून घट्ट केलेला, सुरीने विटा कापता येतील असा बर्फ लागतो. जंगलातला बर्फ तसा नसतो. तो रव्यासारखा, मुठीत धरला तर गळून जाणारा. त्याच्यासाठी क्विंझी. आपल्याकडे पेंढ्याची गंज रचतात तसा बर्फाचा ढीग रचायचा, तो आळू द्यायचा आणि मग आतून पोखरायचा.

दोघांसाठी तळाशी अडीच-तीन मीटर रुंद आणि माणसाच्या उंचीचा ढीग पुरतो. आधी जागा स्नोशूंनी (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) तुडवून घ्या आणि मान वर करून बघा: फांद्यांवर बर्फाचं ओझं असेल तर ती जागा सोडा. ढीग घालताना बर्फ उलथापालथ करून टाका. वरच्या गार थराचा आणि जमिनीलगतच्या त्यामानाने उबदार थराचा बर्फ मिसळला की कण एकमेकांना चिकटायला लागतात. याला निदान दीड-दोन तास द्यावे लागतात. नवखी मंडळी नेमकी इथेच घाई करतात, कारण जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणून ढीग दुपारी बारालाच घालून ठेवायचा आणि मग जेवायचं.

पोखरण्याआधी साधारण सव्वा वीत, म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या काटक्या चहूबाजूंनी ढिगात आतपर्यंत खोचायच्या. आतून खणताना काटकीचं टोक दिसलं की तिथे थांबायचं. भिंत तेवढी जाड राहिली. हे मला आधी पोरखेळ वाटलं होतं. आत गुडघ्यांवर बसून, मानेतून बर्फ आत जात असताना, समोरची निळी भिंत किती उरलीय ते कळेनासं होतं. जाड असेल तिथे गडद निळी, पातळ असेल तिथे दुधाळ. मग त्या निळ्यात अचानक तपकिरी ठिपका दिसतो. तो दिसला तेव्हा मला खरंच हुश्श झालं. खणताना आडवं पडू नका, गुडघ्यांवरच राहा, आणि बाहेर फावडं घेऊन एक जण कायम उभा हवा. ढीग खचलाच तर तोच तुम्हाला काढणार आहे. एकट्याने क्विंझी पोखरू नये, यात मी तडजोड करत नाही.

छत शेवटी हातमोजा घातलेल्या हाताने सारवून घ्यायचं, अगदी शेणाने भिंत सारवतात तसं. खडबडीत राहिलं तर प्रत्येक टोकाला थेंब जमून रात्री नाकावर पडतो. गुळगुळीत घुमटावरून पाणी भिंतीच्या कडेने उतरतं. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवा, म्हणजे गार हवा खाली साचते. छताला मुठीएवढं भोक हवंच, आणि त्यात काठी ठेवा, रात्री बर्फाने बुजलं तर आतून हलवता येते. स्टोव्ह आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक फावडं आत घेऊन झोपा. बाहेर उभे पोल खोचून ठेवा, नाहीतर स्नोमोबाइलवाल्याला (बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवाल्याला) तुमचं घर साधी टेकडी वाटेल.

त्या रात्री बाहेर उणे २२ होतं, आत शून्याच्या थोडंसं खाली. आवाज मात्र पार बंद. शेजारणीने कूस बदललेली तेवढी ऐकू येत होती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकायला गेलीस आणि बीळ करून झोपलीस?"

पण खरोखर अडकले तर मी क्विंझी करणार नाही. तीन-चार तास आणि दोन माणसांची ताकद त्यात जाते, म्हणजे पुन्हा घाम. तेव्हा चर बरा: अंगाच्या लांबीचा, कमरेइतका खोल, वर स्की किंवा फांद्या, त्यावर ताडपत्री आणि बर्फ. तासाभरात होतो. खाली मात्र भरपूर फांद्या किंवा दोन मॅट टाका, जमीन छतापेक्षा जास्त गारठवते. क्विंझी शिकायची ती बर्फ हाताला कळावा म्हणून. आणि हे सगळं ओंटारिओच्या सपाट जंगलापुरतं. रॉकीज पर्वतात उतारावर खणायचं तर आधी हिमस्खलनाचा कोर्स करा. पहिल्या पातळीचा दोन दिवसांचा असतो.

विद्यार्थ्यांनी सामान विकत घेऊ नये, भाड्याने आणावं. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात, त्यातला 'कम्फर्ट'चा, म्हणजे आरामात झोप लागेल तो आकडा बघायचा. 'लिमिट'वर विसंबलात तर रात्रभर जागे. पुढे लीडर व्हायचं मनात असेल तर वाइल्डरनेस फर्स्ट एड, म्हणजे रानावनातल्या प्रथमोपचाराचा कोर्स, लवकर करून टाका. बर्फ ढकलायला बरेच जण तयार असतात, बधिर झालेली बोटं ओळखणारा माणूस कमी सापडतो.

निघताना क्विंझी पाडावी लागते, नाहीतर ऊन लागून मऊ झालेल्या छतातून कोणीतरी आत पडेल. रात्रभर जी कोसळेल म्हणून मी डोळे उघडे ठेवून पडले होते, तिच्यावर आम्ही दोघी चढून उड्या मारल्या. तिसऱ्या उडीलाही काही झालं नाही. शेवटी फावड्याने फोडावी लागली.