गोचिडीच्या प्रतिकारशक्तीवर काम करायचंय? माशीची यादी जरा बाजूला ठेवा

अपृष्ठवंशीय प्राण्यांची प्रतिकारशक्ती आपण शिकतो ती फळमाशीवरून. साहजिकच आहे. टोल जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात, हे १९९६ साली जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, २०११च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, आणि जंतू आल्याची खबर पेशीत पोचवून प्रतिकार सुरू करणारे टोल व आयएमडी हे दोन मार्ग पाठ्यपुस्तकांत पक्के बसले. एमएस्सीनंतर मी गोचिडीकडे वळले तेव्हा पहिलं काम हातात आलं ते हेच: माशीची प्रतिकार-जनुकं घ्या आणि गोचिडीच्या जीनोममध्ये, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएमध्ये, शोधा. नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं, म्हणून त्यातून काय निघतं ते जरा सविस्तर सांगते.

इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस या अमेरिकेतल्या गोचिडीचा जीनोम २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २.१ अब्ज बेसजोड्यांचा, आणि त्यातला जवळजवळ ७० टक्के भाग पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा. माशीची यादी घेऊन शोधलंत की टोल सापडतं, आयएमडी मार्गाच्या शेवटी असणारं रेलिश सापडतं. पण ज्याच्यावरून मार्गाला नाव पडलं ते आयएमडी प्रथिनच सापडत नाही. त्याच मार्गातली फॅड आणि ड्रेड ही प्रथिनं नाहीत, आणि जिवाणूची भिंत ओळखणारा पीजीआरपी-एलसी हा रिसेप्टरही नाही. इथे पुष्कळ जण निष्कर्ष काढून मोकळे होतात की गोचिडीची प्रतिकारशक्ती अर्धवट आहे.

ती अर्धवट नाही. २०१७ साली दिसून आलं की आयएमडी मार्ग गोचिडीत चालू आहे, फक्त त्याला जाग येते ती जिवाणूंच्या संसर्गाशी निगडित काही लिपिड (मेदासारख्या) रेणूंमुळे. २०२३ साली त्यामागचा एक रिसेप्टरही पुढे आला, क्रोकमॉर्ट. गोचिडीच्या अंगात वाढणाऱ्या ॲनाप्लाझ्मासारख्या जिवाणूला माशीच्या ओळखीची ती नेहमीची भिंतच नसते, हे लक्षात घेतलं की या व्यवस्थेचा अर्थ लागतो. कोळी-विंचू-गोचिडींचा वंश आणि कीटकांचा वंश वेगळा होऊन ५० कोटींहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात दोघांनी एकाच घराची दुरुस्ती आपापल्या पावसाप्रमाणे केली आहे. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते की ‘माशीतलं काय हरवलं’ हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि पहिल्या पानावर लिहा की हा प्राणी आयुष्यात कोणकोणत्या जंतूंना भेटतो.

‘सापडलं नाही’ हे विधान मात्र फार जपून करा. एका जीनोममध्ये नसणं हा पुरावा नव्हे; तो तुकडा वाचायचाच राहिलेला असू शकतो. आता सोय चांगली आहे, २०२० साली चिनी संशोधकांनी एकदम सहा जातींच्या गोचिडींचे जीनोम दिले. सगळ्यांत शोधा, ट्रान्सक्रिप्टोममध्ये (पेशीत प्रत्यक्ष वापरात असलेल्या जनुकांच्या आरएनएत) शोधा, नुसत्या ब्लास्टवर, म्हणजे क्रमांचं साम्य शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर, न थांबता एचएमएम या सांख्यिकी नमुन्याने प्रथिनांतले ठरावीक भाग (डोमेन) शोधा. डिफेन्सिनसारखी जंतू मारणारी छोटी पेप्टाइडं ब्लास्टमधून सहज निसटतात. तिथे त्यांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या सहा जागांची मांडणी कामी येते. जनुकापुढे संगणकाने चिकटवलेल्या नावावर तर कधीच विसंबू नका.

उलट बाजूचा धोका म्हणजे जे नाही ते सापडणं. २०१५ साली जलअस्वल (टार्डिग्रेड) या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोममधली सुमारे १७ टक्के जनुकं परकी असल्याचा दावा झाला. थोड्याच काळात कळलं की त्यातली बहुतेक नमुन्यासोबत आलेल्या जिवाणूंची होती. म्हणून जिवाणूसारखं जनुक दिसलं की आधी पाहा: शेजारची जनुकं प्राण्याची आहेत का? इंट्रॉन, म्हणजे प्राण्यांच्या जनुकांत मध्येमध्ये येणारे आणि जिवाणूंत सहसा नसणारे तुकडे, आहेत का? जवळच्या जातींतही त्याच जागी आहे का?

या कसोट्यांवर खरं उतरलेलं आणि मला अजूनही थक्क करणारं उदाहरण म्हणजे डीएई-२ हे गोचिडीतलं जनुक. जिवाणू शेजारच्या जिवाणूंना मारायला त्यांची भिंत कापणारं एक विष वापरतात. त्याचं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी गोचिडी आणि त्यांचे सूक्ष्म नातेवाईक माइट यांच्या पूर्वजात आलं आणि टिकलं. हे २०१५ साली सिद्ध झालं. २०२० साली पुढचा भाग कळला. गोचिडीच्या लाळेतलं हे प्रथिन यजमानाच्या त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकसला मारतं, पण गोचिडीत आधीपासून राहणाऱ्या जंतूंना फारसा धक्का लावत नाही. ते निकामी केलं की गोचिडीचं रक्त पिणंच नीट होत नाही. गोचीड दिवसचे दिवस त्वचेत तोंड खुपसून बसते. तिच्या दृष्टीने रोगजंतू म्हणजे आपल्या कातडीवरचे निरुपद्रवी जिवाणू! माशीच्या यादीत हे जनुक कधीच मिळालं नसतं.

नैसर्गिक निवडीचा दाब मोजायचा असेल तर डीएन-डीएस गुणोत्तर (प्रथिन बदलणारे बदल भागिले प्रथिन न बदलणारे मूक बदल) माशी आणि गोचीड यांच्यात काढू नका. इतक्या अंतरावर मूक बदल एकमेकांवर चढून पुसले जातात आणि आकड्याला अर्थ उरत नाही. स्कॅप्युलॅरिस, रिसिनस, पर्सुलकॅटस अशा इक्सोडिस या एकाच वंशातल्या जाती घ्या. आणि ट्री (नात्यांचा वंशवृक्ष) काढण्याआधी अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक जुळवून मांडलेले क्रम, डोळ्यांनी, ओळ न ओळ पाहा. कंटाळवाणं आहे, पण सगळं त्यावर उभं राहतं.

प्रयोगशाळेत धीर लागतो. गोचिडीची एक पिढी पूर्ण व्हायला महिनोन्‌महिने जातात, तेव्हा पीएचडीचं वेळापत्रक तिच्या जीवनचक्राभोवती आखा, उलटं नको. जनुक गप्प करायला अजून मुख्यतः आरएनएआयच (जनुकाचा आरएनए नष्ट करण्याची पद्धत) वापरतात. थेट डीएनए बदलायचा तर अंड्यात सुई टोचावी लागते, आणि अंड्यावर मेणाचा थर असल्याने ते अवघड होतं. तो थर लावणारा मादीचा अवयवच काढून २०२२ साली अमेरिकेत नेव्हाडात क्रिस्पर हे जनुक-संपादन साधलं गेलं.

आपल्याकडे या विषयाला मोठी निकड आहे. क्यासनूर जंगलाचा ताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत आला. तो पसरवणारी मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिच्या जवळच्या लाँगिकॉर्निस जातीचा जीनोम त्या २०२०च्या सहांत आहे, म्हणजे तुलनेला आधार तयार आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था या आजारावर दीर्घकाळ काम करते आहे. पशुवैद्यकाची पदवी असेल तर परजीवीशास्त्राच्या वाटेने या. प्राणिशास्त्र किंवा बायोटेक असेल तर नेट-जेआरएफच्या. नेटच्या निकालाची वाट पाहत असाल तर तेवढ्यात एक काम घरबसल्या होतं: एनसीबीआय या खुल्या जनुक-माहितीसाठ्यावरून सहाही जातींच्या प्रथिनांचे क्रम उतरवा, जंतूंना चिकटणाऱ्या थायोएस्टर प्रथिनांचं एकच कुटुंब निवडा आणि त्याचं ट्री काढा. गोचिडीत या कुटुंबाच्या चारही शाखा आहेत, आपल्या रक्तातल्या सी-३ या प्रतिकार-प्रथिनाच्या नातेवाइकांसह. मार्गदर्शकाला लिहाल तेव्हा बायोडेटासोबत ते ट्री जोडा.