वसईचा किल्ला पुण्याहून बघायचा असेल तर

पहाटेच्या गाडीनं दादरला उतरा, पूल ओलांडून विरार फास्ट पकडा; बोरिवली लोकल वसईपर्यंत जात नाही. वसई रोडला पश्चिमेला बाहेर पडून किल्ल्यासाठी रिक्षा किंवा बस घ्या. माणशी दोन लिटर पाणी हवंच, आत सावली तुटक आहे.

चिमाजी अप्पांनी हा किल्ला मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांची समाधी पुण्यात ओंकारेश्वरापाशी आहे, वसईहून आणलेली १७२९ सालची घंटा भीमाशंकरला. दोन्ही आधी पाहून जा, किल्ला जास्त कळतो.

फ्रान्सिस्कन चर्चमधल्या फरशा म्हणजे कोरीव अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. त्यांवर पाय न देता कडेनं चाला. चारनंतरच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही वाचता येतात. भर दुपारी ती दिसतच नाहीत. पावसाळ्यात तटावर चढू नका, शेवाळानं दगड फार निसरडे होतात.