नेमासाठी बाणांची जोडणी कशी करावी

नेम सुधारायचा असेल, तर बाण महाग असण्यापेक्षा संचातले सगळे बाण एकसारखे असणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक बाण आपापल्या वाटेने जाणार असेल, तर साइट (धनुष्यावरचे नेम धरण्याचे साधन) कितीही हलवली तरी गट बसत नाही, म्हणजे बाण एकमेकांजवळ लागत नाहीत.

पहिली निवड दांडीच्या स्पाइनची, म्हणजे ताठपणाच्या मापाची. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवून मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगले आणि ती अर्धा इंच वाकली, तर तिचा स्पाइन ५०० मानतात. आकडा लहान, तितकी दांडी ताठ. धनुष्याचा जोर आपल्या पूर्ण खेचीवर, म्हणजे दोरी पूर्ण ओढलेली असताना, मोजून घ्यावा आणि मगच उत्पादकाचा तक्ता पाहावा. नवशिक्यांची खेच वाढत जाते, म्हणून बाणाची लांबी थोडी जास्तच ठेवावी. आखूड बाण रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) मागे घसरला तर हाताला इजा होते. कार्बनची दांडी करवतीने कापल्यास तिचे तंतू फाटतात, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या घासचकतीने आणि मास्क लावूनच कापावी.

यानंतर प्रत्येक दांडी व टोक वजन करून जुळवावे. बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम, तेव्हा स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी आहे. इंदूरकरांनी सराफ्यात रात्री खाण्यासाठी जातात तसे एकदा दिवसा जाऊन सोनारांकडचा डिजिटल काटा कुठे मिळतो, याची चौकशी करावी.

टोक हॉट-मेल्ट गोंदाने बसवताना उष्णता टोकाला द्यावी, दांडीला नव्हे. पिसे लावण्याआधी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, त्या जागी पुन्हा बोट लावू नये आणि जिगमध्ये (पिसे नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यात) तिन्ही पिसे १२० अंशांवर चिकटवावीत. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोरीवर हलकेच अडकायला हवा: बाण दोरीला लटकून राहावा, पण दोरीवर टिचकी मारताच सुटावा.

चाचणीसाठी १८ मीटरवरून पिसांचे बाण आणि एक बिनपिसांचा बाण मारावा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण गटाच्या डावीकडे लागला, तर दांडी ताठ पडते आहे, म्हणून टोक जड करावे. उजवीकडे लागला, तर हलके. बाणांवर क्रमांक घालावेत, म्हणजे नेहमी भरकटणारा बाण ओळखता येतो. त्याचा नॉक फिरवून पाहावा आणि तरीही सुधारला नाही, तर तो सरावापुरता ठेवावा. मे महिन्यात बाण बंद मोटारीत ठेवू नयेत, कारण त्या उन्हात गोंद मऊ होऊन टोके सैल होतात.