जर्मनीतली क्लबची बाग: जमीन त्यांची, केबिन तुमची

क्लाइनगार्टन म्हणजे जर्मनीत मंडळामार्फत भाड्याने मिळणारी छोटी बाग. तिच्या व्यवहारात चार पक्ष असतात. जमीन बहुधा शहराची असते, कधी रेल्वेची, चर्चची किंवा खासगी मालकाची. बागवाल्यांची शहर-संघटना ती एकगठ्ठा भाडेपट्ट्याने घेते. मग स्थानिक मंडळ, म्हणजे फेराइन, तिचे तुकडे पाडून सभासदांना पोटभाड्याने देतं. त्या तुकड्यावरची छोटी केबिन, लाउबे, मात्र सभासदाच्या मालकीची असते. जर्मन नागरी संहितेनुसार एरवी जमिनीवरचं बांधकाम जमिनीचाच भाग मानलं जातं. पण कलम 95 प्रमाणे तात्पुरत्या कारणासाठी उभारलेली वस्तू त्यातून वगळली जाते, आणि लाउबे याच सवलतीत बसते. म्हणून ती फ्रिज-सोफ्यासारखी विकता येते, नोटरी लागत नाही. भाडेपट्टा संपला की ती हलवायची किंवा पुढच्या सभासदाला द्यायची जबाबदारीही तुमचीच.

त्यामुळे इथे खर्च करताना "सोडताना याचे किती मिळतील, आणि काढायला किती लागतील" हा प्रश्न आधी विचारायचा. खाली जे नियम आहेत ते शेवटी याच प्रश्नाशी येतात.

कायदा काय म्हणतो

1 एप्रिल 1983 पासून लागू असलेला बुंडेसक्लाइनगार्टनगेझेट्झ हा देशभराचा कायदा. त्यातल्या कलम 3 मधले दोन आकडे पाठच करावेत. तुकडा 400 चौ. मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठ्यांना थोडा कमी. लाउबे साध्या बांधणीची आणि छपराखालच्या ओसरीसकट जास्तीत जास्त 24 चौ. मीटर, साधारण 258 चौ. फूट. शिवाय ती कायम राहण्याजोगी नसावी, हेही त्याच कलमात आहे.

"ओसरीसकट" हा शब्द लोक वाचून सोडून देतात आणि तिथेच फसतात. समजा केबिन 4 बाय 5 मीटर, म्हणजे 20. पुढे 2 बाय 3 ची ओसरी, वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा. बेरीज 26, नियमापेक्षा 2 जास्त. पत्रा पारदर्शक आहे, भिंती नाहीत, खांब नुसते जमिनीत रोवलेत, यातलं काहीच चालत नाही. छप्पर ते छप्पर. वेल चढवायला उघडी पट्ट्यांची मांडणी केली तर ती बहुधा मोजत नाहीत, पण तिच्यावर पुढे ताडपत्री कायमची ताणली की मापात येते. माप बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत घेतात. बाहेरून उष्णतारोधक थर आणि त्यावर फळ्या लावल्या तर चारही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर वाढतात आणि बरोबर 24 असलेली केबिन 25 च्या पुढे जाते.

जुनी लाउबे मोठी असू शकते. 1983 पूर्वी त्या वेळच्या नियमात राहून बांधलेली असेल, किंवा पूर्वीच्या पूर्व जर्मनीत 3 ऑक्टोबर 1990 पूर्वी कायदेशीर उभी राहिली असेल, तर तिला संरक्षण आहे. मात्र "कायदेशीर" याला कागद लागतो. शेजारचे आजोबा म्हणतात म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. आणि संरक्षण आहे त्या इमारतीला. ती पाडून नवी बांधलीत की पुन्हा 24.

एक तृतीयांश भाजी-फळं

17 जून 2004 ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की साधारणपणे किमान एक तृतीयांश जागा फळं-भाज्यांना हवी. 300 चौ. मीटरचा तुकडा असेल तर 100 चौ. मीटर. हिरवळ, ट्रँपोलिन, गुलाब यात धरत नाहीत. वाफे, फळझाडं, बेरीची झुडपं धरतात. काही मंडळं त्यातही नुसत्या वाफ्यांचा वेगळा वाटा मागतात, म्हणजे पाच सफरचंदाची झाडं लावून मोकळं होता येत नाही.

मराठी घराला ही अट जड जात नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा, श्रावणघेवडा, बटाटा आरामात येतो. दुधी, मिरची, टोमॅटो मे महिन्याच्या मध्यापर्यंत बाहेर काढू नयेत. 11 ते 15 मे हे तिकडचे "आइसहायलिगे", तोवर रात्री दंव पडू शकतं आणि रोप एका रात्रीत काळं पडतं. भेंडीला काचघर लागतं, आणि काचघराची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

वर्षातून एक-दोनदा कार्यकारिणी फेरी मारते. वाफे तणात बुडालेले दिसले की लेखी नोटीस येते. उन्हाळ्यात सहा आठवडे भारतात जाणार असाल तर कळवून जा आणि पाणी घालणाऱ्याचं नाव द्या. ही साधी गोष्ट न केल्याने पहिली नोटीस मिळते, आणि ती फाइलला लागते.

घेताना

नाव थेट मंडळाकडे किंवा शहर-संघटनेकडे नोंदवायचं. बर्लिन, हॅम्बुर्ग, म्युनिकसारख्या शहरांत प्रतीक्षा वर्षांत मोजतात. लहान गावांत किंवा पूर्वेकडच्या काही भागांत रिकामे तुकडे मिळतात. नागरिकत्वाची अट कायद्यात नाही, पण राहता पत्ता त्याच शहरातला हवा असं बरीच मंडळं म्हणतात.

ऑनलाइन जाहिरातीत "लाउबेसह बाग विकणे आहे" दिसलं की पैसे द्यायची घाई नको. हाऊसिंग सोसायटीत जसं शेअर सर्टिफिकेटसोबत फ्लॅट हातात येतो तसं इथे होत नाही. विकणारा फक्त केबिन, झाडं आणि सामान विकू शकतो. भाडेपट्टा द्यायचा की नाही हे मंडळ ठरवतं, आणि तेही यादीच्या क्रमाने. आधी भाडेकरार, मग खरेदी. हा क्रम उलटला तर पैसे देऊन केबिन तुमची होते आणि ती ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पाय ठेवायचा हक्क नसतो.

किंमत बाजारभावाने ठरत नाही. सोडणाऱ्याने मंडळाला कळवलं की प्रशिक्षित मूल्यांकनकार येतो आणि राज्य-संघटनेच्या निर्देशांप्रमाणे केबिन, झाडं, पायवाटा, कुंपण यांची किंमत काढतो. या मूल्यांकनाला वेर्टएरमिट्लुंग म्हणतात. केबिनला वयाप्रमाणे घसारा लागतो. नियमबाह्य वस्तू असतील तर त्या काढायचा खर्च वजा होतो. म्हणून जोरदार नूतनीकरण केलेल्या केबिनचे कधीकधी हसू येईल इतके कमी पैसे मिळतात. आलेला आकडा ही वरची मर्यादा. त्यापेक्षा कमी चालतं, जास्त नाही. फर्निचर, गवतकापणी यंत्र, ग्रिल यांचा सौदा वेगळा असतो, आणि तो घेतलाच पाहिजे असं बंधन नाही. कुणी "सामानाचे पाच हजार युरो" म्हणत मूल्यांकनाची मर्यादा चुकवायला बघत असेल तर मंडळाला सांगा.

पाहणीला जाताना मूल्यांकनाचा पूर्ण कागद मागा, नुसता शेवटचा आकडा नको. त्यात "काढून टाकणे आवश्यक" असा रकाना असतो आणि खरी माहिती तिथे असते. स्प्रूस, फर, अक्रोड अशी मोठी होणारी झाडं बहुतेक बाग-नियमावल्यांत निषिद्ध आहेत. वीस मीटर वाढलेलं झाड यंत्र आणून उतरवायचा खर्च केबिनच्या किमतीएवढा होऊ शकतो. दुसरी गोष्ट छत. जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर 1993 मध्ये बंदी आली, तेव्हा त्यापूर्वीच्या केबिनवर करडे पन्हाळी सिमेंट पत्रे असतील तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ते शाबूत आहेत तोवर राहू देता येतात, पण त्यांना भोक पाडणं, कापणं, जोराच्या पाण्याने धुणं बंद. काढायचं काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. हा खर्च कुणाचा हे खरेदीच्या करारात लिहून घ्या.

तिसरा प्रश्न शहराच्या आराखड्याचा. बागांची जागा विकास आराखड्यात "डाउअरक्लाइनगार्टन", म्हणजे कायमच्या बागा, म्हणून नोंदली आहे का? असेल आणि उद्या शहराला ती दुसऱ्या कामासाठी हवी झाली, तर नुकसानभरपाई मिळते, आणि शक्य असेल तर पर्यायी जमीन देणं शहरावर बंधनकारक आहे. खासगी मालकाची, नोंद नसलेली जागा असेल तर एवढा आधार नाही.

विवाहित असाल तर करारावर दोघांनी सही करा. भाडेपट्टा वारशाने जात नाही; सभासदाचा मृत्यू झाला की पुढचा कॅलेंडर महिना संपताना तो संपतो. दोघांची सही असेल तर मागे राहिलेल्या जोडीदाराबरोबर तो चालू राहतो. मुलांना केबिन वारशाने मिळते, जमीन नाही. त्यांना ती मूल्यांकन करून पुढच्या सभासदाला द्यावी लागते.

बांधताना

एक खिळाही परवानगीच्या आधी ठोकू नये. अर्जाला मापासह आराखडा, उभा छेद, तुकड्याच्या हद्दीपासूनची अंतरं आणि सामानाचा तपशील जोडायचा. मंडळाकडून तो संघटनेकडे, काही ठिकाणी शहराकडे जातो. "अध्यक्ष हो म्हणाले" ही परवानगी नव्हे. कार्यकारिणी दर दोन-चार वर्षांनी बदलते आणि नव्या लोकांकडे फक्त फाइल असते. मंजुरीचा शिक्का मारलेली प्रत घरी जपून ठेवा. मूल्यांकनाच्या दिवशी तिच्यावर पैसे मिळतात.

तळघर नाही. पक्का काँक्रीटचा ओटा शक्यतो टाळा: मूल्यांकनात त्याला फारसं काही मिळत नाही आणि फोडून न्यायला मात्र कंटेनर लागतो. ठोकळ्यांच्या पायावर लाकडी चौकट हे स्वस्त आणि काढायला सोपं. शेगडी-धुराडं बहुतेक ठिकाणी मना. छताची उंची, हद्दीपासूनचं अंतर, काचघराचं आणि मुलांच्या पोहण्याच्या टाकीचं माप हे सगळं स्थानिक बाग-नियमावलीत, गार्टनओर्डनुंगमध्ये असतं आणि शेजारच्या मंडळात वेगळं असू शकतं.

संडासाचा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि विचारायला संकोच वाटतो. शोषखड्डा चालत नाही, जलकायद्याने गुन्हा होऊ शकतो. भुसा टाकायचा कोरडा संडास हा खात्रीचा मार्ग. बंद टाकी जुनी असेल तर तिची गळती-तपासणी झाल्याचा कागद मागा.

वर्षभराचा खर्च आणि कामं

जमिनीचं भाडं नाममात्र असतं. कायद्याने ते त्या भागातल्या व्यावसायिक फळ-भाजी शेतीच्या भाड्याच्या चौपटीपर्यंतच घेता येतं. 300 चौ. मीटरला, चौ. मीटरमागे 20 सेंट धरले तर वर्षाला 60 युरो. बिल वाढतं ते बाकीच्यांनी: सभासद वर्गणी, विमा, वीज, पाणी, सामाईक वाटांचा वाटा. पाण्याच्या मुख्य मीटरचा आकडा आणि सगळ्यांच्या मीटरची बेरीज यात नेहमी तफावत निघते, आणि ती सगळ्यांत वाटली जाते. गळकी जोडणी दिसली तर दुसऱ्याची म्हणून सोडू नका. थंड पाण्याच्या मीटरची मुदत सहा वर्षांची, त्यानंतर तो बदलायचा. आग, चोरी, वादळाचा सामूहिक विमा संघटनेमार्फत मिळतो. महागडा टीव्ही-स्पीकर मात्र केबिनमध्ये हिवाळाभर ठेवू नका, चोऱ्या तेव्हाच होतात.

श्रमदानाचे तास सर्वसाधारण सभा ठरवते. न केलेल्या तासांचे पैसे भरावे लागतात. पैसे भरून सुटण्यापेक्षा जाऊन खोरं धरावं हे आमचं स्पष्ट मत. कुंपणाची परवानगी कशी मागायची आणि कोणाचं नाव यादीत पुढे आहे, ही माहिती तिथेच मिळते.

थंडीपूर्वी मंडळ मुख्य पाणी बंद करतं. त्या आठवड्यात आपला मुख्य नळ बंद करा, सर्वांत खालची निचऱ्याची तोटी उघडा, वरचे सगळे नळ अर्धवट उघडे ठेवा, मीटर काढून घरी न्या, बेसिनखालच्या वाकड्या नळीतलं पाणी ओता. यातलं एक राहिलं की बर्फ फुगून नळी फुटते, आणि ते कळतं वसंतात पाणी सुरू होताना, केबिन भिजल्यावर.

कुंपणाची झुडपं 1 मार्च ते 30 सप्टेंबर मुळापासून छाटायला निसर्गसंरक्षण कायद्याने बंदी आहे, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. वाढलेली टोकं हलकेच कापता येतात. दुपारची शांतता आणि रविवार पाळा. ड्रिलचा आवाज हा नोटिशीचा सर्वांत स्वस्त मार्ग.

बाग कशामुळे जाते

अधूनमधून रात्री झोपणं चालतं. पत्त्याची नोंदणी तिथे करणं, टपालपेटी लावणं, पर्यटकांना भाड्याने देणं, नातेवाइकाला "बघ जरा वर्षभर" म्हणून परस्पर सोपवणं चालत नाही. भाडं तीन महिने थकलं आणि लेखी मागणीनंतर दोन महिन्यांत भरलं नाही, तर करार तडकाफडकी संपवता येतो. वापराबद्दलच्या तक्रारींत आधी लेखी ताकीद लागते. मग ऑगस्टच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत नोटीस, आणि करार 30 नोव्हेंबरला संपतो. स्वतःच्या चुकीने गेलेल्याला कायद्याने भरपाई नाही. नोटीस आली तर गप्प बसू नका: दिलेल्या मुदतीत काम करा, फोटो काढा, लेखी कळवा.

सोडताना

स्वतःहून सोडायची सूचना लेखी द्या, मुदत करारात असते. मूल्यांकन उन्हाळ्यात करून घ्या. पानं झडलेल्या झाडांची आणि रिकाम्या वाफ्यांची नोंद कमी लागते. त्यापूर्वी नियमबाह्य छप्पर, जादा पडवी, निषिद्ध झाडं स्वतः काढली तर मजुरी वाचते. नवा सभासद मिळेपर्यंत भाडं बहुधा तुम्हालाच भरावं लागतं, तेव्हा परत भारतात जायची तारीख ठरली असेल तर निदान एक हंगाम आधी हालचाल सुरू करा. ताबा देताना वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि केबिनमधल्या सामानाची यादी एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या: तुमची, नव्या सभासदाची आणि मंडळाची.