पातळ राहिलेला द्राक्षांचा जॅम घट्ट कसा झाला

फेब्रुवारीत नाशिकच्या बाजारात थॉमसन द्राक्षांची आवक वाढली की घरी जॅम करण्याचा मोह होतोच. मात्र यंदा बराच वेळ आटवूनही तो बरणीत सरबतासारखा वाहत राहिला. जॅम घट्ट होण्यासाठी पेक्टिन (फळांतला, जॅम गोठवणारा नैसर्गिक घटक), आम्ल आणि साखर या तिन्हींचा मेळ जमावा लागतो, आणि पूर्ण पिकलेल्या गोड द्राक्षांत पहिल्या दोन गोष्टी कमी पडतात. म्हणून पेक्टिनसाठी कच्चट पेरूच्या फोडी बियांसकट पाण्यात मऊ शिजवल्या, ते पाणी फडक्यातून न पिळता गाळले, कारण पिळल्यास जॅम गढूळ होतो, आणि ते पाणी व आम्लासाठी लिंबाचा रस मिसळून सारा जॅम रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर पुन्हा उकळला.

कृतींत जॅम तयार झाल्याची खूण म्हणून बहुधा १०५ अंश सेल्सिअस तापमान दिलेले असते, परंतु ते समुद्रसपाटीचे आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी जवळपास दोन अंश आधीच उकळते. १०५ अंशांची वाट पाहिल्यास जॅम जास्त आटून चिवट होतो. मी १०३ अंशांवर गॅस बंद केला. थंडगार बशीवर टाकलेला थेंब बोटाने ढकलल्यावर त्यावर सुरकुती पडली, आणि माझ्या मते थर्मामीटरपेक्षाही हीच खूण अधिक भरवशाची आहे.